गुमसानचा जिनसेंग बाजार: काय घ्यावं, कशाचे पैसे वाचवावेत

दक्षिण कोरियात जिनसेंग घ्यायचंच असेल तर गुमसानला जावं. आणि तिथं पोचल्यावर रेशमी खोक्यांच्या दुकानांत शिरण्याआधी ओल्या मुळांच्या गाळ्यांवरून एक फेरी मारावी. मूळ कसं दिसतं, कशाला भाव येतो आणि कशाला उगाच येतो हे तिथं अर्ध्या तासात कळतं. ते कळल्याशिवाय बरणीतला काळा अर्क विकत घेणं म्हणजे दुकानदाराच्या शब्दावर पैसे मोजणं. बाजार म्हणून गुमसान उत्तम आहे. पण तिथला सगळाच माल उत्तम नाही, आणि महाग माल तर बहुधा दिसण्यापुरताच महाग असतो.

दक्षिण छुंगछंग प्रांतातला हा डोंगराळ तालुका. देशातल्या जिनसेंगच्या उलाढालीचा मोठा हिस्सा इथून होतो. इथल्या पारंपरिक जिनसेंग शेतीला २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला. गावाला रेल्वे नाही. सोलहून वेगवान गाडीनं तासाभरात देजॉन, तिथून बसनं आणखी तासाच्या आत गुमसान. दुकानं एरवीही उघडी असतात, पण दर पाच दिवसांनी बाजार भरतो तो २ आणि ७ या आकड्यांच्या तारखांना, म्हणजे २, ७, १२, १७, २२, २७. त्या दिवशी आसपासच्या गावांतून वनौषधी घेऊन येणारे लोकही बसतात. ओल्या मुळांचं मोठं केंद्र सकाळी लवकर गजबजतं. दुपारी गेलात तर निवडून उरलेलं हाती लागतं. नवा माल शरद ऋतूत, सप्टेंबर-ऑक्टोबरात, सर्वांत जास्त येतो.

आधी मुळाची ओळख. पॅनॅक्स जिनसेंग हे सावलीचं झाड. शेतात उत्तरेकडे तोंड करून काळ्या जाळीचे उतरते मांडव घालतात आणि मूळ ४ ते ६ वर्षं जमिनीत ठेवतात. सहाच्या पुढे मूळ लाकडासारखं व्हायला लागतं आणि कुजण्याचा धोका वाढतो, म्हणून शेतकरी थांबत नाहीत. एकदा पीक काढलं की मूळकुजीच्या बुरशीमुळे त्याच जमिनीत पुन्हा जिनसेंग घ्यायला दहाएक वर्षं थांबावं लागतं. किमतीचं एक खरं कारण हे आहे.

मुळाच्या वरच्या गाठाळ भागाला नवेदू म्हणतात. दरवर्षी खोड गळून पडतं आणि त्याचा वण नवेदूवर राहतो. जाणकार ते वण मोजून वय सांगतात. त्याखाली जाड धड, मग पाय, मग केसाळ मुळ्या. या मुळ्यांना बाजारात मिसाम म्हणतात. ज्या जिनसेनोसाइड नावाच्या घटकांसाठी हे मूळ घेतलं जातं, ते सालीत आणि बारीक मुळ्यांत जास्त असतात, धडाच्या गाभ्यात कमी. भाव मात्र धडाला. माणसासारखे हातपाय फुटलेलं, गोंडस धडाचं मूळ काचेमागे ठेवतात आणि मिसाम पोत्यातून विकतात. काढा करायचा असेल तर पोत्यातलाच माल घ्या, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त मिसाम जास्त कडू असतं आणि त्यात आरबी१ या घटकाचा वाटा जास्त असतो. धडात आरजी१ चा वाटा तुलनेनं बरा असतो आणि चवही सौम्य. म्हणून दोन्ही मिसळून उकळण्याची पद्धत आहे, आणि ती बरोबर आहे.

ओलं मूळ, म्हणजे सुसाम, किलोवर नाही, छेवर विकतात. एक छे म्हणजे ७५० ग्रॅम. गाळ्यावर मुळांच्या संख्येप्रमाणे ढीग लावलेले असतात. एका छेत जितकी कमी मुळं, तितकं एकेक मूळ मोठं आणि भाव जास्त. भाव हंगामाप्रमाणे बदलतो, त्यामुळे आधी तीन-चार गाळ्यांवर एकाच आकाराचा भाव विचारून घ्यावा. विक्रेत्यांना त्याचा राग येत नाही. घासाघीस करून फारसं सुटत नाही, पण दोन-तीन मुळं वरून टाकायला ते सहज तयार होतात. वजन करण्याआधी माती झाडून घ्यायला सांगा. मूळ धुवून मात्र घेऊ नका, धुतलेलं लवकर खराब होतं.

निवडताना बोटानं दाबून पाहावं. धड टणक हवं. मऊ लागलं तर आत कुज सुरू झालेली असते. सालीवर गंजासारखे तांबूस डाग असतील तर ते मूळ खाण्याजोगं असलं तरी त्याला पूर्ण भाव देऊ नये. नवेदू तुटलेलं असेल तर वय कळत नाही आणि तुटक्या जागेतून बुरशी शिरते. खणताना फावड्याचा वार लागलेली मुळं स्वस्त मिळतात. त्याच दिवशी शिजवणार असाल तर ती जरूर घ्या. घरी नेऊन न धुता, किंचित ओलसर वर्तमानपत्रात एकेक मूळ वेगळं गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं तर दोनेक आठवडे टिकतं. सगळी एकाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली तर घाम धरतो आणि आठवड्यात चिकट होतात.

बाजारातच तळलेलं जिनसेंग मिळतं. अख्खं छोटं मूळ पातळ पिठात बुडवून तळतात, मध किंवा गोड सॉससोबत देतात, बरोबर जिनसेंगची माक्कल्ली म्हणजे तांदळाची दारू. गरमागरम खावं. गार झालं की पीठ चामट होतं आणि मागे नुसता कडूपणा राहतो. औषध म्हणून नव्हे, खाणं म्हणून छान आहे.

आता वाळवलेला माल, जिथं खरी गफलत होते. ओल्या मुळात सुमारे ७५ टक्के पाणी असतं. सोलून किंवा न सोलता नुसतं वाळवलं की पांढरं जिनसेंग, पेकसाम. गुमसानची खासियत म्हणजे मुळाचे पाय वर वळवून गुंडाळून वाळवलेलं गोकसाम. सोललेलं पांढरं दिसायला सुंदर असतं, पण साल गेली की सालीतले घटकही जातात. तेव्हा सालीसकट वाळवलेलं पांढरं मिळालं तर तेच घ्या. थोडं मळकट दिसतं, भाव कमी असतो.

लाल जिनसेंग, होंगसाम, ही वेगळी वनस्पती नाही. तेच मूळ सालीसकट वाफेवर दोन-तीन तास शिजवून मग वाळवतात. शिजताना आतला स्टार्च पारदर्शक होतो, रंग तांबूस-तपकिरी होतो आणि काही जिनसेनोसाइड बदलून आरजी३ सारखे नवे तयार होतात, जे ओल्या मुळात जवळपास नसतात. ही युक्ती जुनी आहे. ११२३ मध्ये कोर्यो या तेव्हाच्या कोरियन राज्याच्या दरबारात आलेल्या चिनी दूतानं कच्चं आणि शिजवलेलं अशा दोन्ही प्रकारांची नोंद केली आहे. मुळात हा टिकवण्याचा उपाय होता, कारण नुसत्या वाळवलेल्या मुळाला कीड लवकर लागते.

अख्ख्या लाल मुळांच्या तीन प्रती असतात: चनसाम म्हणजे स्वर्गाची, जीसाम म्हणजे पृथ्वीची, आणि यांगसाम म्हणजे साधी चांगली. प्रत ठरते ती आकारावर आणि आतल्या दोन दोषांवर. आत पोकळी आहे का आणि गाभ्यात पांढरा डाग आहे का, हे अंधाऱ्या खोलीत मुळामागे दिवा धरून पाहतात. डब्यावर १०, १५, २०, ३० असा जीचा आकडा असतो: ६०० ग्रॅममध्ये किती मुळं बसतात तो. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. काजूगराचे २१०, २४०, ३२० हे आकडे पौंडात किती गर बसतात यावरूनच पडले आहेत. लहान आकडा, मोठा दाणा, जास्त भाव.

पण काजू खाताना अख्खा दिसतो, जिनसेंग उकळल्यावर दिसत नाही. गाभ्यातली पोकळी किंवा पांढरा डाग म्हणजे विष नव्हे. मुळात स्टार्च नीट भरला नव्हता किंवा वाळवताना बाहेरचा थर आधी कडक झाला आणि आतलं पाणी उशिरा निघालं, एवढाच त्याचा अर्थ. १० जीचं चनसाम भेट द्यायला घ्यायचं तर घ्या, कोरियात साहेबाला किंवा सासऱ्याला तेच देतात. स्वतःसाठी ३० जीचं यांगसाम पुरेसं आहे. ६ वर्षांच्या मुळाचा आग्रहही तसाच: धड मोठं होतं आणि लाल करायला ते बरं पडतं, पण जिनसेनोसाइडचं प्रमाण वयाबरोबर सरळ चढत जात नाही. काढ्यासाठी ४ किंवा ५ वर्षांचं चालतं. एक गोष्ट मात्र सोडू नये. वाळवलेल्या अख्ख्या मुळांच्या डब्यावर तपासणीची पट्टी असते आणि त्यावर वय, प्रत, वजन छापलेलं असतं. पट्टी फोडलेला डबा किंवा सुटी लाल मुळं घेऊ नयेत.

बहुतेक पाहुणे अर्काची बरणी घेतात, तर तिच्यावर नीट बोलू. घट्ट काळा अर्क म्हणजे नोंगछुगेक. पाण्यात उकळून पातळ निघतो तो छुछुलेक. या दोन शब्दांत पैशांचा सगळा खेळ आहे. "छुछुलेक १०० टक्के" असं ठळक लिहिलेलं पाकीट म्हणजे शंभर टक्के जिनसेंग नव्हे, शंभर टक्के काढा. त्यातला बहुतेक भाग पाणीच. मोबाईलचा कॅमेरा लावून लेबल वाचा आणि घन पदार्थांचा, म्हणजे पाणी उडाल्यावर उरणाऱ्या भागाचा, टक्का शोधा. मग साधा गुणाकार. समजा ५० मिलीच्या पाकिटात घट्ट अर्क २ टक्के आणि त्या अर्कात घन पदार्थ ६० टक्के. म्हणजे १ ग्रॅम अर्क, त्यात ०.६ ग्रॅम घन. दुसऱ्या ७० मिलीच्या पाकिटावर अर्क १० टक्के, पण घन पदार्थ ३ टक्के. म्हणजे ७ ग्रॅम अर्कात जेमतेम ०.२१ ग्रॅम घन. दहा टक्के वाचून दुसरं पाकीट उचलणारा माणूस जेमतेम एक तृतीयांश घन पदार्थ घरी नेतो. नुसता अर्काचा टक्का छापून घन पदार्थांचा टक्का न देणारं पाकीट परत ठेवून द्यावं.

त्यानंतर दुसरा आकडा: आरजी१, आरबी१ आणि आरजी३ यांची बेरीज, मिलिग्रॅममध्ये. कोरियाच्या नियमाप्रमाणे आरोग्यपूरक अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल जिनसेंगमध्ये प्रतिकारशक्ती आणि थकवा यांसाठीचा दावा करायचा तर दिवसाच्या मात्रेत ही बेरीज ३ ते ८० मिलिग्रॅम हवी. रक्ताभिसरण, स्मरणशक्तीच्या दाव्याला २.४ पासून. रजोनिवृत्तीच्या काळातल्या स्त्रियांसाठीच्या दाव्याला मात्र किमान २५ लागतात, आणि ही अट पुष्कळ साध्या बरण्या पुऱ्या करत नाहीत. आरोग्यपूरक अन्नाचं अधिकृत चिन्ह पाकिटावर नसेल तर ते नुसतं पेय आहे. पेयाला हे आकडे बांधील नसतात. चिन्ह आणि बेरीज दोन्ही पाहून, दिवसाच्या मात्रेमागे किंमत काढा. बरणीमागे काढू नका, कारण बरण्यांची मापं मुद्दाम वेगवेगळी असतात.

तिसरं, धड आणि मिसाम यांचं प्रमाण. चांगल्या अर्कावर ते ७०:३० किंवा ७५:२५ असं छापलेलं असतं. धड जास्त म्हणजे चव गोडसर, किंमत जास्त. मिसाम जास्त म्हणजे कडू आणि स्वस्त. प्रमाण छापलेलंच नसेल तर दुकानदाराला विचारावं, आणि तो अडखळला तर पुढच्या दुकानात जावं.

नऊ वेळा वाफवून नऊ वेळा वाळवलेलं काळं जिनसेंग, हुकसाम, सध्या सगळीकडे पुढे मांडलेलं दिसतं. वारंवार वाफवल्यानं आरजी३ वाढतं हे खरं, पण आरजी१ आणि आरबी१ घटतात. शिवाय जास्त तापमानावर घाईनं वाळवलं तर त्यात बेंझोपायरीन तयार होतं, जे करपलेल्या अन्नात सापडणारं घातक द्रव्य आहे. कोरियात त्यावर मर्यादा ठरलेली आहे, तेव्हा चाचणीचा अहवाल दाखवणाऱ्या उत्पादकाकडूनच घ्यावं. लाल जिनसेंगपेक्षा दुप्पट भाव देण्याएवढं त्यात काही दिसत नाही.

दाणेदार जिनसेंग चहाची पाकिटं आणि गोळ्या हा भेटवस्तूंचा माल. चहात बहुतांश ग्लुकोज असतं. घरी मधुमेही असतील तर "जिनसेंग आहे, चालेल" म्हणून देऊ नका. मधात मुरवलेले काप चविष्ट असतात, पण तो मुरंबा आहे.

बाजारात घ्यावं की चंगग्वानजांगच्या दुकानात? हा नाममुद्रेचा माल कोरिया जिनसेंग कॉर्पोरेशनचा. लाल जिनसेंगवर १९९६ पर्यंत सरकारी मक्तेदारी होती आणि ही कंपनी त्या व्यवस्थेची वारस. करारावर शेती, ६ वर्षांची मुळं, बुयो गावातला कारखाना. माल सारखा असतो, लेबल स्पष्ट असतं, इंचनच्या विमानतळावरही मिळतो. त्या खात्रीचे आणि खोक्याचे पैसे मोजावे लागतात, पण ज्यांना लेबल वाचायचा कंटाळा आहे त्यांनी तिथंच घ्यावं. घट्ट अर्काची मात्रा १ ग्रॅम दिवसातून तीनदा, सोबतच्या चिमुकल्या चमच्यानं. १० मिलीच्या एव्हरीटाइम पुड्या प्रवासाला सोयीच्या, पण त्यांच्या निरनिराळ्या प्रकारांत अर्काचं प्रमाण सारखं नाही, तेव्हा खोक्याचा रंग पाहून घेऊ नका. अख्खी मुळं, मिसाम आणि ओला माल यांसाठी गुमसान स्वस्त आणि सरस. अर्काच्या बाबतीत गुमसानची सहकारी आणि छोटी कारखानदारी चांगला माल देते, पण वरच्या तीन तपासण्या करणाऱ्यालाच. सोलमध्येच असाल तर ग्यंगदोंग बाजारही बरा. निवड कमी, पण भुयारी रेल्वेनं जाता येतं.

वापराबद्दल. वाळलेलं लाल मूळ दगडासारखं असतं. सुरीनं कापायला जाल तर हात कापेल. ओल्या फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं वाफवा, मग २ मिलिमीटरचे काप करा. २० ग्रॅम काप १ लिटर पाण्यात काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात, खळखळ उकळी न आणता मंद आचेवर तीन-चार तास. गाळून तेच काप ७०० मिली पाण्यात पुन्हा उकळा आणि दोन्ही एकत्र करा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतं. तळाशी गाळ बसतो तो स्टार्चचा, हलवून प्या. मोठ्या आचेवर घाईनं केलं तर पाणी गढूळ, चिकट होतं आणि करपट वास येतो.

रांजणगाव किंवा तळेगावच्या कोरियन कारखान्यांतून तिकडे वर्ष-सहा महिने कामाला जाणाऱ्यांना ओलं मूळ वापरता येईल, सामग्येथांगसाठी, म्हणजे जिनसेंग घालून शिजवलेल्या अख्ख्या कोंबडीच्या रश्श्यासाठी. ५००-६०० ग्रॅमची कोंबडी, आत तासभर भिजवलेला चिकट तांदूळ, चार-पाच लसूण पाकळ्या, दोन खारकेसारखी लाल बोरं आणि एकच छोटं मूळ, नवेदू कापून. पोट दोन तृतीयांशच भरा. तांदूळ फुगतो, गच्च भरला तर कोंबडी फाटते आणि मधला भात कच्चा राहतो. मोठं मूळ घालून पौष्टिकता वाढत नाही, रस्सा कडू होतो.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी जिनसेंग डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, गोळीचा परिणाम बदलू शकतो. मधुमेहाच्या औषधांसोबत साखर खाली जाऊ शकते. झोप न लागणं, डोकं दुखणं ही नेहमीची तक्रार, म्हणून सकाळी घ्यावं. गरोदरपणात आणि लहान मुलांना देऊ नये. आणि अश्वगंधेला "भारतीय जिनसेंग" म्हणतात म्हणून दोन्ही एकच समजू नका. अश्वगंधा वांग्याच्या कुळातली, तिचे घटक वेगळे, मात्रा वेगळी.

भारतात आणताना ओलं, मातीचं मूळ आणू नका. वनस्पती विलगीकरणाच्या नियमात ते अडकतं. कारखान्यातून बंद होऊन आलेला डबा किंवा बरणी आणावी, पावती जवळ ठेवावी. २४० ग्रॅमची अर्काची बरणी हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात टाका, आणि झाकणाला टेप लावा, कारण हा अर्क कपड्यांवर सांडला तर डाग निघत नाही. घरी आल्यावर उघडलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवा आणि चमचा अगदी कोरडा वापरा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत वाळलेली मुळं उघड्या डब्यात ठेवली तर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा आणि महिन्यातून एकदा काढून पाहा.